गुन्हा कबूल, तरी बचाव

अमेरिकेतले क्लॅरन्स डॅरो (१८५७–१९३८) आधी एका रेल्वे कंपनीचे वकील होते. १८९४च्या रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात त्यांनी ते काम सोडले आणि संपाचे पुढारी यूजीन डेब्ज यांचे वकीलपत्र घेतले. पुढे फाशीच्या विरोधात ते आयुष्यभर लढले.

१९२४ मध्ये शिकागोत लिओपोल्ड आणि लोब या तरुणांवर चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला चालला. डॅरोंनी त्यांना गुन्हा कबूल करायला लावला. त्यामुळे ज्यूरी टळली आणि शिक्षेचा निर्णय एकट्या न्यायाधीशावर आला. ज्यूरीच्या बाराजणांत वाटली जाणारी जबाबदारी एकट्याला पेलणे कठीण, हा त्यांचा हिशेब होता. आरोपींचे कोवळे वय त्यांनी पुन्हापुन्हा मांडले. दोघांची फाशी टळली, जन्मठेप झाली. गुन्हा शाबीत झाला तरी शिक्षा किती, हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रत्येक आरोपीला चांगला वकील मिळालाच पाहिजे.