स्थलांतराचा हिशेब : लाभ कुणाला, भार कुणावर, राग कुणावर?



संयोजकांनी विषय दिला आहे, 'स्थलांतराचे अर्थव्यवस्थेवर आणि समाजावर होणारे परिणाम'. या विषयावर बोलणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत अमेरिकेला पोचतो. मग भिंत, जर्मनीतले निर्वासित, इंग्लंडचं बाहेर पडणं, असं सगळं येतं. ते महत्त्वाचं आहेच. पण मी आज शक्यतो शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतच राहणार आहे. लागेल तेव्हा बाहेर जाऊ. जगाचा प्रश्न आपल्या अंगणात आलेला असताना तो दुर्बिणीतून कशाला बघायचा?

मी तत्त्वज्ञान शिकवलं, अर्थशास्त्र नव्हे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक खोड असते, उत्तराआधी तो प्रश्नच तपासून घेतो. 'स्थलांतर चांगलं की वाईट?' हा प्रश्न मला नीट वाटत नाही. पाऊस चांगला की वाईट, असं आपण विचारतो का? कुणाच्या शेतात, किती, कधी, असं विचारतो. म्हणून एका प्रश्नाचे तीन करू. लाभ कुणाला होतो? भार कुणावर पडतो? आणि राग कुणावर निघतो? या तिन्हींची उत्तरं बहुधा तीन वेगवेगळी माणसं असतात. आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

कोण येतं?

आपल्याकडे येणारे सगळे एका जातीचे स्थलांतरित नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरच्या बाजूनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांचं मोजमापच 'कोयता' असं आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. दुसरे लोक गुऱ्हाळांवरचे. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर, आणि चुलवाणापाशी, काहिलीपाशी उभा राहणारा माणूस बऱ्याच ठिकाणी उत्तर प्रदेशातून आलेला असतो. तिसरे कारखान्यातले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट, एलजी, व्हर्लपूल आले, पलीकडे सणसवाडी-शिक्रापूरचा पट्टा वाढला, दौंडकडे कुरकुंभला रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथली पोरं आली. आणि लक्षात घ्या, मराठवाडा-विदर्भातलीही आली.

चौथा प्रकार आपण मोजतच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित आहेत. आकडा ऐकून दचकू नका. त्यात सगळ्यात मोठा वाटा आहे लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा! म्हणजे या सभागृहातल्या बहुतेक घरांत एक स्थलांतरित आहे आणि आज सकाळचा चहा बहुधा तिनंच केला आहे. हे मी विनोदासाठी सांगत नाही. सून शेतात राबते, घर चालवते, आणि सातबाऱ्यावर? सातबाऱ्यावर तिचं नाव बहुतेक वेळा नसतं. कष्ट घरचे, नाव परकं. ही रीत आपण घरातच शिकलो आहोत. बाहेरून आलेल्या मजुराला तीच लावतो, एवढंच.

लाभ आणि भार

आता अर्थकारण. 'बाहेरचा आला की आपली नोकरी गेली' हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं. त्यामागं एक गृहीत आहे, की गावात कामं ठराविकच आहेत, शंभर म्हणजे शंभर. पण आलेला माणूस नुसता काम करत नाही. तो खोली भाड्यानं घेतो, किराणा भरतो, मोबाइलचं रिचार्ज मारतो, न्हाव्याकडं जातो. त्यातून नवीन कामं तयार होतात. १९८० साली काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन माणसं समुद्रमार्गे अमेरिकेत आली आणि त्यांतले बरेचजण मायामी शहरात राहिले. तिथल्या कामकऱ्यांची संख्या एकदम सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञानं १९९० मध्ये त्याचा अभ्यास मांडला. स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. पुढं जॉर्ज बोर्हास यांनी त्याच घटनेचा हिशेब वेगळा लावला आणि म्हटलं, सगळ्यांवर नसेल, पण शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांवर परिणाम झाला. तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्यासाठी त्यातला धडा असा, की सरासरी बघून कुणाचं पोट भरत नाही. सगळ्या गावाला फायदा झाला तरी एका घराला तोटा होऊ शकतो, आणि त्या घराला सरासरी सांगून उपयोग नाही.

कारेगावात, ढोकसांगवीत, शिक्रापुरात फिरून या. ज्याची जमीन रस्त्यालगत होती, त्यानं खोल्या बांधल्या. एका ओळीत दहा-दहा खोल्या, एकेका खोलीत चार-पाच पोरं. त्याला लाभ झाला. मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला झाला. गाड्या लावणाऱ्याला, खानावळवाल्याला झाला. कारखान्याला तर झालाच. आणि भार? तो पडतो गावच्या पाण्यावर, गटारावर, कचऱ्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. ज्याच्याकडं खोल्या नाहीत, ठेका नाही, त्या घरच्या बाईच्या हंड्यापर्यंत हा भार जातो.

यात एक साधी गोष्ट आहे, फारशी बोलली जात नाही. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी ज्या लोकसंख्येवर ठरत आला, ती २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ मध्ये पूर्ण व्हायची आहे. म्हणजे राहणारी माणसं आजची, आणि हिशेबातली माणसं पंधरा वर्षांपूर्वीची. नळ कोरडा पडतो तेव्हा आपण म्हणतो, 'या बाहेरच्यांनी पाणी संपवलं.' अहो, तो पाणी पिणारच. त्याला मोजलं नाही म्हणून पाणी आलं नाही, हे कारण आपल्या तोंडी येत नाही. म्हणून जनगणनेचा माणूस येईल तेव्हा खोलीमालकानं 'इथं दोघंच राहतात' असं सांगू नये. ते खोटं गावालाच भोवणार आहे.

राग : १८७५ ची गोष्ट

आता तिसरा प्रश्न, राग कुणावर? यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागेल, पण गाव मात्र आपलंच. शिरूर तालुक्यातलं करडे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथं एका मारवाडी सावकारानं कर्जाच्या हुकूमनाम्यावर गावातल्या एका प्रतिष्ठित देशमुखाचं घर पाडलं. गाव चिडलं, सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांचं शेत करायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. हे लोण पसरलं आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, म्हणजे आजच्या बारामती-दौंडच्या पट्ट्यात. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लोकांनी बहुतेक ठिकाणी माणसं मारली नाहीत. त्यांना हवे होते कर्जरोखे. ते मिळाले की जाळायचे आणि निघून जायचं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. रोष जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. त्याच गावात ब्राह्मण किंवा इतर स्थानिक सावकार असतील, तर त्यांना सहसा हात लागला नाही. सावकारी दोघंही करत होते. मार मात्र बाहेरून आलेल्याला.

सावकार निष्पाप होता, असं मी म्हणत नाही. पिळवणूक खरीच होती. पण शेतकरी त्या गळाला लागला कसा? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला, आपल्याकडं कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सहज मिळालं. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास नव्या मोजणीनं शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळं सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला, व्याज मुद्दलात मिळवून. कोर्ट त्या रोख्यावर शिक्का मारत होतं. युद्ध, सारा, कायदा, कोर्ट यांपैकी एकही गोष्ट सुप्याच्या बाजारात उभी नव्हती. मारवाडी उभा होता. त्याची पगडी वेगळी, बोली वेगळी, म्हणून तो दिसला. रागाला चेहरा लागतो, आणि अनोळखी चेहरा सगळ्यात सोपा पडतो.

पुढं १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. म्हणजे उपाय कायद्यात झाला, कारण दुखणंही कायद्यातच होतं. आणि त्या 'परक्यां'चं काय झालं? शिरूरच्या महाविद्यालयाला चांदमल ताराचंद बोरा यांचं नाव आहे. बोरा हे राजस्थानाकडून आलेल्या जैन व्यापारी समाजातलं आडनाव. आज ते शिरूरकराला परकं वाटतं का? आपली पोरं त्याच नावाची पदवी हातात घेऊन बाहेर पडतात.

ॲरिस्टॉटलचं घर आणि रमाबाईंचं घर

आता थोडं माझ्या विषयाकडं. ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये परप्रांतीय होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याचं गाव उत्तरेकडचं, स्टॅगिरा. अथेन्समध्ये त्याला जमिनीची मालकी नव्हती, सभेत मत नव्हतं. नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्या जगाला शिकवणारा माणूस स्वतः त्या नगराचा नागरिक नव्हता! मायकेल वॉल्झर या विचारवंतानं १९८३ मध्ये हाच धागा पुढं नेला. त्याचं म्हणणं असं, की कुणाला आत घ्यायचं याचा विचार समाजानं जरूर करावा. पण माणसाला आत घेऊन, वर्षानुवर्षं राबवून, कायम दाराबाहेर ठेवणं हा जुलूम आहे. आणि असा जुलूम करणारा समाज स्वतःला लोकशाही म्हणवून घेऊ शकत नाही.

याची दुसरी बाजू आपल्याच दौंड तालुक्यात घडली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायकांना आणलं. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा केडगावच्या शेतावर सोय केली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा ही संख्या दीड हजारावर गेली. वेगळी भाषा, अंगात ताकद नाही, हातात कसब नाही. अर्थशास्त्राच्या सरळ हिशेबात हा निव्वळ बोजा. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल कुणाचं काहीही मत असो, तो आजचा विषय नाही. पण त्यांनी या बायकांना अक्षर शिकवलं, छपाई, विणकाम, शेती शिकवली. ज्यांना आपण खाणारी तोंडं म्हटलं असतं, त्याच बायकांच्या हातांनी छापखाना चालला. माणूस बोजा आहे की बळ, हे तो कुठून आला यावर ठरत नाही. आल्यावर आपण त्याच्याशी कसं वागलो यावर बरंच ठरतं.

एका चिठ्ठीचं उत्तर

मघाशी एका तरुणानं चिठ्ठी पाठवली आहे. नाव नाही. लिहिलंय, 'सर, आमची जमीन कंपनीत गेली. मी आयटीआय केलं. मला गेटवर सांगतात, जागा नाही. आणि आत बाहेरची पोरं आहेत. मी राग कुणावर काढू?'

या मुलाला उपदेश करणं सोपं आहे, मी करणार नाही. त्याचं गाऱ्हाणं खरं आहे. जमीन गेलेल्याचा त्या कारखान्यावर नैतिक हक्क आहे. राज्याचं ८० टक्के स्थानिकांचं धोरण आहेच, त्याचा हिशेब जरूर मागा. पण नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदा केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. देशात कुठंही जाऊन राहण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ नं दिलेलं आहे. त्याच कलमाच्या आधारानं आपली पोरं बंगळूर-हैदराबादला जातात.

मग दुसरा प्रश्न विचारू. ठेकेदाराला बाहेरचा मुलगा का आवडतो? तो जास्त हुशार आहे म्हणून? नाही. तो बारा तास थांबतो, सुट्टी मागत नाही, युनियन करत नाही, आणि काढून टाकला तर त्याच्यामागं गाव उभं राहत नाही. म्हणजे त्याचा दुबळेपणा हीच त्याची पात्रता! आता असं समजा, की त्या मुलाला कायद्याप्रमाणं पूर्ण पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि जादा तासांचे पैसे मिळू लागले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत होतंच. परराज्यातल्या कामगारांसाठी १९७९ साली वेगळा कायदाही झाला. हे खरोखर पाळलं गेलं, तर बाहेरचा मुलगा स्वस्त राहत नाही. तो स्वस्त राहिला नाही, की गेटवर तुला नाकारण्याचं कारणही उरत नाही.

म्हणून, बाळा, ऐकायला उलटं वाटेल, पण बाहेरच्याचा हक्क वाढला की तुझी नोकरी वाचते. त्याला हुसकावलंस, तर ठेकेदार उद्या त्याच्याहून दुबळा कुणीतरी आणेल. त्याच्याबरोबर उभा राहिलास, तर दुबळेपणाचा बाजारच बंद पडेल. हे अवघड आहे, मला माहीत आहे. १८७५ मध्ये रोखे जाळणं सोपं होतं, कायदा बदलायला चार वर्षं लागली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हीच माणसं रस्त्यानं चालत निघाली, तेव्हा कारखाने, बांधकामं, हॉटेलं यांना कळलं की कोण गेलं. जी माणसं गेल्यावर गाव थांबतं, ती माणसं गावात असताना मोजली गेली पाहिजेत. शिधापत्रिकेच्या दुकानात, शाळेच्या हजेरीपटावर, पगारपत्रकात, जनगणनेच्या कागदावर. आणि हो, घरातल्या सातबाऱ्यावरसुद्धा.

वेळ संपत आली आहे. आणखी दोन चिठ्ठ्या आहेत, त्या घेतो.