एका मळ्यात न मावणारी वाइन

फ्रान्समधल्या बोर्दोतल्या एखाद्या शातोचा, म्हणजे वाइनच्या मळ्याचा, वाइनमेकर बदलला, तरी त्याची जमीन तिथेच राहते. ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स कंपनीच्या 'ग्रेंज'ला तो आधार नाही. हिची द्राक्षं कधी बरोसातून, कधी मॅक्लारेन व्हेलमधून, कधी आणखी कुठून येतात. मुख्य द्राक्ष शिराज. कॅबर्नेचं प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आत असतं आणि १९९९, २००० अशा वर्षी त्याचा थेंबही नसतो. मग ही वाइन 'ग्रेंज' ठरते ती कशावरून? माझ्या मते, ती चाखून निवडणाऱ्याच्या जिभेवरून. म्हणूनच तिथला खांदेपालट लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे.

पेनफोल्ड्सचे वाइनमेकर मॅक्स शूबर्ट १९५०च्या सुमारास युरोपला गेले होते ते शेरीचा अभ्यास करायला. बोर्दोत त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या रेड वाइन चाखल्या आणि तशीच टिकाऊ वाइन आपल्याकडे करायचं मनात घेऊन परतले. दक्षिण ऑस्ट्रेलियात तेव्हा कॅबर्ने दुर्मीळ होतं, म्हणून त्यांनी शिराज धरलं. फ्रेंच ओकऐवजी नव्या अमेरिकन ओकची पिंपं घेतली. पहिला प्रयोग १९५१चा. जाणकारांनी या वाइनला इतकी नावं ठेवली की १९५७ मध्ये सिडनीच्या मुख्यालयातून ती बंद करण्याचा हुकूम आला. शूबर्टनी १९५७, ५८ आणि ५९ अशी तीन वर्षं ती गुपचूप केली, तीही नव्या पिंपांविना. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरत गेल्या, मतं पालटली आणि १९६० पासून ती पुन्हा उघडपणे होऊ लागली. हुकूम पाळला असता, तर पुढच्यांच्या हाती सोपवायला काही उरलंच नसतं.

शूबर्ट १९७५ मध्ये निवृत्त झाले. ग्रेंज पिंपात दीड वर्षाहून अधिक मुरते आणि नंतर बाटलीतही काही वर्षं थांबते. त्यामुळे त्यांच्या शेवटच्या हंगामांची वाइन बाजारात जाईपर्यंत कारभार डॉन डिटर यांच्याकडे आला होता. डिटर यांनी चौकट मोडली नाही. शूबर्टच्या बाटल्यांत जाणवणारी बाष्पशील आम्लाची झाक त्यांनी कमी केली आणि वाइन अधिक नितळ केली. १९८६ मध्ये कारभार जॉन ड्युव्हाल यांच्याकडे आला. फ्रेंच ओकमधली बरोसाची शिराज करायची तेव्हा त्यांनी ग्रेंजला हात लावला नाही; १९९७च्या हंगामापासून 'आरडब्ल्यूटी' ही वेगळी वाइनच काढली. मला यात खरी परिपक्वता दिसते.

वाइनमेकर बदलले तरी ग्रेंजचं सातत्य टिकतं ते चाखण्याच्या बैठकीत. निरनिराळ्या मळ्यांतली वाइन वेगवेगळी ठेवतात आणि कुठली कुठून आली हे झाकून तिची प्रतवारी करतात. नामांकित मळ्याची वाइनही ग्रेंजच्या घडणीची नसेल तर खालच्या लेबलांत जाते.

२००२ मध्ये सूत्रं पीटर गॅगो यांच्याकडे आली. ते पूर्वी गणित आणि रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी २००८, २०१२ आणि २०१४ या तीन हंगामांच्या ग्रेंज एकत्र करून २०१७ मध्ये 'जी३' आणली. मळ्यांची सरमिसळ शूबर्टनी रूढ केली होती. गॅगोंनी वर्षांची केली. बाटलीला मात्र त्यांनी वेगळं नाव दिलं; ग्रेंजच्या लेबलवर आजही एकाच हंगामाचं साल असतं.