काट्याची उलटतपासणी

नाशिकच्या द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागलं की पुढे नाशिकरोडला मोटवाने कंपनी आहे. 1909 साली ज्ञानचंद मोटवाने यांनी सिंधमध्ये सुरू केलेला हा व्यवसाय. ‘शिकागो रेडिओ’चे त्यांचे कर्णे काँग्रेसच्या सभांमध्ये गाजले. पुढे इलेक्ट्रिकल शिकणाऱ्यांनी हे नाव वाचलं ते काटेवाल्या मल्टिमीटरच्या तबकडीवर.

असा जुना मीटर चुकीचं दाखवू लागला की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. तो आवरायचा. पेटी बंद असतानाच बरंच कळतं. मीटर हलकेच कलता करावा. काटा अडखळला तर चुंबकाच्या फटीत कचरा अडकलाय किंवा टेकू झिजलाय. ओहमचं शून्य जुळत नसेल तर आधी सेल बघावा. डीसी बरोबर आणि एसी चूक, म्हणजे संशय रेक्टिफायरवर. सगळ्याच रेंज सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर खुद्द काट्याच्या यंत्रणेवर.

खरी गंमत डीसी व्होल्टच्या रेंजमध्ये आहे. काटा 50 मायक्रोअँपिअरला पूर्ण फिरत असेल तर दर व्होल्टला 20,000 ओहम लागतात. म्हणजे 10 व्होल्टला 2 लाख, 25 ला 5 लाख, 100 ला 20 लाख. पुष्कळ मीटरांत हे रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले असतात. वरची रेंज खालच्यांमधूनच जाते. समजा 10 आणि 25 च्या मधला 3 लाखांचा रेझिस्टर म्हातारा होऊन 3 लाख 60 हजार झाला. 10 व्होल्ट चोख दिसतील. 25 च्या जागी 22.3 दिसतील, 100 च्या जागी 97, 250 च्या जागी 247. चूक जिथे अचानक उगवते आणि मग विरत जाते, तिथेच दोषी सापडतो. झाकण उघडण्याआधी त्याचा पत्ता कागदावर आलेला असतो.

उघडल्यावर दोन पथ्यं. रेझिस्टर मोजताना काट्याची यंत्रणा सर्किटमधून सोडवावी. दुसऱ्या मीटरच्या ओहम रेंजचा प्रवाह तिच्या नाजूक कॉइलला झेपेलच असं नाही. आणि एका वेळी एकच भाग बदलावा. दोन बदलले आणि मीटर सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही.

शेवटी भरवशाच्या मीटरशी ताडून प्रत्येक रेंज तीन-चार ठिकाणी तपासावी, आकडे लिहून ठेवावेत. ही टिपणं वर्षभरानं पुन्हा काढली की कोणता रेझिस्टर सरकतोय ते बिघाडाआधीच दिसतं.