सुंता कोठे करून घ्यावी?

मंडळी, घरात मुलाची सुंता करायची ठरली, की पहिली चर्चा होते ती दिवसाची, पाहुण्यांची आणि जेवणाची. कोठे करायची, हा प्रश्न शेवटी येतो, आणि ‘आजवर झाली तेथेच’ असे म्हणून तो उरकला जातो. आज आपण तो प्रश्न आधी घेऊ.

सुंता म्हणजे शिश्नाच्या टोकावरची कातडी काढणे. कोकणातल्या मुसलमान घरांत ती धर्माची रीत आहे. अलिबागकडच्या बेने इस्राएल समाजात ती जन्मानंतर आठव्या दिवशी करण्याची प्रथा. इतर घरांत डॉक्टर ती आजारासाठी सांगतात. कारण कोणतेही असो, अंगाला सुरी लागली म्हणजे ती शस्त्रक्रियाच.

आधी एक गैरसमज दूर करू. तान्ह्या बाळाची ही कातडी मागे सरत नाही, हा रोग नव्हे. वाढत्या वयात ती आपोआप सुटी होत जाते. ती ओढून मागे करू नये. मात्र लघवी अडत असेल, वारंवार सूज येत असेल किंवा कातडीवर पांढरट वण पडला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कित्येकदा मलमानेही भागते. शिक्षकबंधूंनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक तपासणीला शाळेत येते, तेव्हा लाजेने गप्प राहणाऱ्या मुलाच्या पालकांना आपणच आधी विश्वासात घ्या.

आता, कोणाची सुंता थांबवावी? लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूस असेल, तर सुंता मुळीच करू नये. ते व्यंग दुरुस्त करताना हीच कातडी उपयोगी पडते. दुसरे, घराण्यात रक्त न थांबण्याचा विकार असेल तर. ही गोष्ट आजची नाही. ज्या आईची दोन मुले सुंतेनंतर दगावली, तिच्या तिसऱ्या मुलाची सुंता करू नये, असे यहुदी धर्मशास्त्राने सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले. हा विकार बहुधा आईकडून मुलग्यांत उतरतो. म्हणून मुलाच्या मामांना कधी दात काढताना रक्त थांबेना असे झाले होते का, ते आजीला विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

आता जागेकडे वळू. कोणी म्हणेल, गावात येणाऱ्या माणसाचा हात चांगला आहे, त्याने शेकडो सुंता केल्या. हात चांगला असेलही. पण तपासणी, भूल, निर्जंतुक हत्यारे आणि रक्त थांबवण्याची सोय ही नुसत्या हातात नसते. एकाच्या रक्ताने माखलेले हत्यार दुसऱ्याला लावले, तर कावीळ ‘ब’ आणि एच.आय.व्ही. यांचा धोका असतो. नुसत्या उकळण्याने सगळे जंतू मरत नाहीत; दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला, ठरलेला वेळ हत्यारे ठेवावी लागतात. एकाच दिवशी पुष्कळ मुलांचे शिबिर असेल, तर प्रत्येकाला वेगळा संच आहे का, हे विचारायला संकोचू नका.

आणखी चार प्रश्न विचारा. डॉक्टरांची नोंदणी आहे का? भूल कोण देणार? आधी किती तास उपाशी ठेवायचे? आणि रात्री रक्त आले तर येथे कोण भेटेल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी धड मिळत नाही, ते ठिकाण कितीही जवळचे नि स्वस्त असले तरी सोडा. जागा निवडायची ती रात्रीचा विचार करून.

१९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ओरोस त्याचे मुख्य ठाणे ठरले. जिल्हा रुग्णालय तेथे आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मालवणहून कसालमार्गे तेथे पोचता येते. देवगड-विजयदुर्गकडच्यांना मात्र लांब पडते. त्यांनी आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी: शस्त्रक्रिया येथेच होईल का, की ओरोसला पाठवाल? तान्हे बाळ, रक्ताचा विकार किंवा दुसरे दुखणे असेल, तर मोठेच रुग्णालय बरे. आणि ऐन पावसात वाडीचा रस्ता बंद पडत असेल, तर पहिली रात्र रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे काढा.

घरी आल्यावर जखमेवर राख, हळद, रॉकेल काही लावू नका. थोडी सूज आणि टोकावर पिवळसर पापुद्रा दिसणे हे भरून येण्याचे लक्षण आहे. पण रक्त टपकू लागले, तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे हलका दाब धरा. मधे उघडून बघू नका. तरीही थांबले नाही, लघवी अडली, ताप आला किंवा टोक काळेनिळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

दिवस पुढे ढकलता येतो, पाहुणे पुन्हा बोलावता येतात. तेव्हा आधी जागा आणि डॉक्टर पक्के करा, मग तारीख काढा.