चेरी श्रिंप पाळताय? आधी फिल्टरचं तोंड झाका!

चेरी श्रिंपची पिल्लं जन्मतात तेव्हा जेमतेम २ मिलिमीटरची असतात. हँग-ऑन किंवा कॅनिस्टर फिल्टरच्या पाइपाच्या खाचांतून ती सहज आत ओढली जातात, आणि आपण संशय घेतो माशांवर. (तोही अगदीच खोटा नसतो म्हणा!) उपाय स्वस्त आहे: पाइपाच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज चढवा. त्यावर जमणारा सूक्ष्मजीवांचा थर पिल्लं दिवसभर चरत बसतात. स्टीलची जाळीही चालते, पण बारीक जाळी लवकर तुंबते. टाकी फक्त श्रिंपची असेल तर सरळ एअर पंपावरचा स्पंज फिल्टरच घ्या. प्रवाह मंदावला की स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयोगी जीवाणू मरतात. आणि कॅनिस्टर साफ करताना आतलं पाणी मोरीत ओतण्याआधी नीट बघा, त्यात जिवंत पिल्लं असू शकतात.