वजनकाट्याला पुरेल अशी डिस्क: क्लाउडवरचे स्टोरेज कसे तपासावे

कृष्णेच्या खोऱ्यात भुईंज, यशवंतनगर, रेठरे, साखराळे, सांगली असे साखर कारखाने एकामागोमाग एक लागतात. हंगामात तिथला वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो. गाडी काट्यावर येते, भरलेले वजन नोंदले जाते, गव्हाणीत ऊस उतरतो, गाडी पुन्हा काट्यावर येते, रिकामे वजन नोंदले जाते आणि पावती छापून निघते. एका खेपेमागे डेटाबेसमध्ये दोन छोट्या नोंदी. काम एवढेसे, पण ते अडले की ट्रॅक्टरची रांग थेट रस्त्यावर जाते. कोणत्याही काट्यावर ‘सर्व्हर हँग झालाय’ असे कोणी म्हणाले की पहिला संशय नेटवर जातो. पुष्कळदा नेट ठीक असते. नोंद लिहून झाली, हे डिस्ककडून वेळेवर कळत नसते.

पूर्वी हा सर्व्हर ऑफिसातच असे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरच्या कपाटातले हिशेब आणि त्याच खोलीतला सर्व्हर दोन्ही एकाच पाण्यात बुडू शकतात, हे नदीकाठच्या गावांना समजावून सांगावे लागत नाही. म्हणून कारखाना असो, पतसंस्था असो की हळदीचा अडत्या, डेटा मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या क्लाउडवर ठेवायचा विचार आता इथे सहज होतो. तो योग्यच आहे. मात्र क्लाउडवर डिस्क भाड्याने घेताना समोर येतो तो दरपत्रकातला आकडा: सेकंदाला इतके आयओपीएस, म्हणजे डिस्कवर इतक्या वेळा वाचणे-लिहिणे. तो आकडा खोटा नसतो. पण तो तुमच्या कामाचा नसतो. आपल्या कामासाठीचा आकडा आपणच मोजायचा. त्यासाठी फिओ नावाचे फुकट, मुक्त-स्रोत साधन आहे. ते कंटेनरमध्ये घालून कसे बसवायचे आणि चालवायचे, ते या लेखात पाहू.

फिओ लिहिले येन्स आक्सबो यांनी. लिनक्समध्ये डिस्कशी बोलणारा जो थर आहे, तो सांभाळणारे हेच गृहस्थ. डिस्क तपासायला दर वेळी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागू नये, म्हणून त्यांनी हे एकच साधन केले. त्याला एका फाइलमध्ये कामाचे वर्णन द्यायचे: किती मोठे तुकडे, वाचायचे की लिहायचे, ओळीने की विखुरलेले, एका वेळी किती मागण्या रांगेत, किती वेळ. फिओ तसा भार डिस्कवर टाकते आणि प्रत्येक मागणीला किती वेळ लागला ते नोंदवते.

कंटेनर कशाला, हा रास्त प्रश्न आहे. फिओ थेट मशीनवरही बसते. पण आपल्याला तुलना करायची असते: या कंपनीची डिस्क की त्या, ही योजना की ती, या वर्षीची की गेल्या वर्षीची. मशीन बदलले की लिनक्सची आवृत्ती बदलते, सोबत फिओची बदलते, आणि मग फरक डिस्कमुळे पडला की साधनामुळे हे कळेनासे होते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हा घोळ मिटवला. साधन आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एका इमेजमध्ये बंद करायच्या आणि तीच इमेज सगळीकडे न्यायची. खालचा कर्नल मात्र त्या त्या मशीनचाच राहतो. म्हणून निकालासोबत कर्नलची आवृत्तीही लिहून ठेवावी.

काही बसवण्याआधी आपला भार ओळखावा. मला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच गाळली जाते. सध्याच्या सर्व्हरवर, काट्यावर गर्दी असताना, ‘आयओस्टॅट’ ही आज्ञा ‘वजा एक्स’ जोडून चालवा. सेकंदाला किती वाचने, किती लेखने, सरासरी तुकडा किती किलोबाइटचा आणि रांग किती लांब, हे सगळे ती एका ओळीत दाखवते. सर्व्हर विंडोजचा असेल तर हेच आकडे परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये मिळतात. मायएसक्यूएलचे पान १६ केबीचे, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरचे ८ केबीचे, त्यामुळे तुकडे साधारण त्याच मापाचे दिसतील.

कारखान्याच्या भाराला दोन तोंडे आहेत. एक काट्याचे: थोडी, छोटी लेखने, पण प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पावती निघत नाही. दुसरे हिशेबाचे: ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, म्हणून पंधरवड्याची ऊसबिले, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, गटवार याद्या यांचे मोठे वाचन ठरावीक दिवशी एकदम येते. दोन्ही एकाच वेळी चालू असताना काट्याची नोंद किती उशिरा पक्की होते, हे आपल्याला शोधायचे आहे.

आता तयारी. चाचणी क्लाउडमधल्याच मशीनवरून करायची, सांगलीतल्या लॅपटॉपवरून नव्हे. सांगली ते मुंबई अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच चार मिलिसेकंद लागतात. चांगली डिस्क त्याहून कमी वेळात उत्तर देते. लॅपटॉपवरून मोजले तर तुम्ही रस्ता मोजाल.

प्रत्यक्षात वापरणार आहात त्याच प्रकारचे मशीन घ्या आणि त्याला त्याच प्रकारची, त्याच आकाराची, नवी कोरी डिस्क जोडा. ‘एलएसबीएलके’ आज्ञेने तिचे नाव पाहा. इथे घाई करू नका. जिच्यावर माहिती आहे अशा डिस्कचे नाव फिओला लिहिण्याच्या चाचणीसाठी दिले, तर ते काही न विचारता वरून लिहीत सुटते आणि ती माहिती परत येत नाही. चालू सर्व्हरवर लेखनाची चाचणी कधीही करू नये. कोऱ्या डिस्कवर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ फाइलव्यवस्था करा आणि ती ‘चाचणी’ अशा नावाच्या फोल्डरवर माउंट करा.

उबुंटूवर डॉकर नेहमीच्या ‘एपीटी इन्स्टॉल’ने बसते. इमेजसाठी डॉकरफाइल तीन ओळींची. पहिल्या ओळीत पाया म्हणून डेबियनची छोटी इमेज, ठरावीक आवृत्तीच्या नावासह. ‘लेटेस्ट’ लिहायचे नाही, नाहीतर पुढच्या वर्षी वेगळेच काही उतरेल. दुसऱ्या ओळीत पॅकेजची यादी ताजी करून फिओ बसवणे. तिसऱ्या ओळीत कंटेनर सुरू होताच फिओ चालावे ही सूचना. ‘डॉकर बिल्ड’ केले की इमेज तयार. ती संस्थेच्या रजिस्ट्रीत ठेवा, म्हणजे दुसऱ्या क्लाउडवर हीच उतरवता येईल.

कंटेनर चालवताना एक खाच आहे. कंटेनरच्या आत कुठेही फाइल लिहिली तर ती डॉकरच्या स्वतःच्या थरांत जाते, आणि ते थर मशीनच्या मूळ डिस्कवर असतात. म्हणजे भाड्याने घेतलेली नवी डिस्क बाजूला बसून राहते आणि तुम्ही भलतीच मोजता. शिवाय आकडा बरा दिसतो, त्यामुळे संशयही येत नाही. म्हणून ‘डॉकर रन’ला ‘वजा व्ही’ जोडून बाहेरचा चाचणी फोल्डर आतल्या फोल्डरशी बांधायचा आणि फिओची फाइल त्यातच ठेवायची. चाचणी चालू असताना दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट लावा. हालचाल नव्या डिस्कच्याच ओळीत दिसली पाहिजे. कंटेनरला सीपीयूची मर्यादाही घालू नका. घातली तर तिचा उशीर डिस्कच्या नावावर लागतो.

मग कामाची फाइल. ‘डायरेक्ट’ १ ठेवा, म्हणजे मशीनच्या मेमरीतला कॅशे मध्ये येणार नाही. नाहीतर तुम्ही रॅमचा वेग डिस्कचा म्हणून लिहून घ्याल. इंजिन ‘लिबएआयओ’ निवडा. ‘आयओ-यूरिंग’ नवे आणि चपळ आहे, पण अलीकडचे डॉकर सुरक्षेसाठी ते मुळातच अडवते. ज्या फाइलवर चाचणी होणार तिचा आकार डेटाबेसच्या आकाराजवळचा ठेवा आणि आधी ती एकदा पूर्ण लिहून घ्या, कारण कधी न लिहिलेली जागा वाचताना काही स्टोरेज खालपर्यंत न जाता नुसती शून्ये परत देते. कामाच्या फाइलमध्ये दोन कामे शेजारी मांडा. पहिले ऊसबिलाचे: १६ केबीचे विखुरलेले वाचन-लेखन, प्रमाण तुमच्या आयओस्टॅटमधले, रांगेत आठ मागण्या. दुसरे काट्याचे: छोटी, ओळीने जाणारी लेखने, रांगेत एकच मागणी, आणि प्रत्येक लेखनानंतर ‘एफडेटासिंक’, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबणे. दोन्ही एकदम चालतील. ‘टाइम-बेस्ड’ लावा आणि वेळ किमान एक तास ठेवा.

तासाचा आग्रह मी का धरतो? ॲमेझॉनची जीपी२ ही जुनी डिस्क घ्या. तिला दर जीबीमागे ३ आयओपीएस हक्काचे मिळतात, म्हणजे १०० जीबीला ३००. पण सुरुवातीला तिच्या खात्यात ५४ लाख क्रेडिट शिल्लक असतात आणि ती असेपर्यंत डिस्क ३,००० पर्यंत धावते. पूर्ण वेगात दर सेकंदाला ३,००० खर्च, ३०० जमा, म्हणजे निव्वळ २,७०० वजा. ५४ लाखांना २,७०० ने भागले की येतात २,००० सेकंद, म्हणजे साधारण ३३ मिनिटे. त्यानंतर डिस्क ३०० वर येते. रात्रभर पाझरून भरलेल्या विहिरीवर मोटर लावली की सुरुवातीला पाण्याची धार जोरात असते आणि साठा संपला की जेवढा पाझर तेवढेच पाणी, तसे हे आहे. डिस्कला काही काम नसेल तरी खाते पुन्हा भरायला १८,००० सेकंद, म्हणजे पाच तास लागतात.

आता एका मिनिटाची चाचणी करणारा माणूस ३,००० लिहून घेईल आणि समाधानाने घरी जाईल. डिसेंबरात ऊसबिलाच्या रात्री पहिला अर्धा तास सगळे सुरळीत चालेल आणि मग काट्यावरची पावती निघेनाशी होईल. २०२० च्या अखेरीस आलेल्या जीपी३ मध्ये हे खाते नाही. आकार कितीही असो, ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी कायम मिळतात. जीपी२ वर अजून कोणाचा डेटा असेल तर त्यांनी हा बदल आधी करावा. पण डिस्क चांगली असली तरी लहान मशीनलाही आपली मर्यादा असते: डिस्ककडे जाणाऱ्या वाटेचा कमाल वेग काही छोट्या मशीनना २४ तासांत ३० मिनिटांपुरताच नक्की मिळतो. तासाभराच्या चाचणीत हेही उघडे पडते.

निकाल वाचताना डोळे आधी आयओपीएसकडे जातात. ते थोडा वेळ बाजूला ठेवा. काट्याच्या कामाखाली ‘सिंक’च्या वेळांची वेगळी ओळ असते, तिथली ९९ वी शतमक पाहा. तिथे समजा ८ मिलिसेकंद आले, तर शंभरातल्या ९९ नोंदी तेवढ्या वेळात किंवा त्याआधी पक्क्या झाल्या. सरासरी १२ मिलिसेकंद असूनही ९९ वी शतमक ९०० असू शकते, आणि ट्रॅक्टरवाल्याला भेटते ती हीच शंभरावी नोंद. ओळीतले एकक मात्र जपून वाचा. फिओ आकड्याच्या आकाराप्रमाणे कधी मायक्रोसेकंद छापते, कधी मिलिसेकंद. दोन निकालांची तुलना करताना हजारपटीची चूक इथेच होते. निकाल ‘जेसॉन’ स्वरूपात काढला तर वेळा सरळ नॅनोसेकंदांत मिळतात आणि तक्ता करणे सोपे जाते.

पुराशी थेट जोडलेली एक चाचणी राहिली. बॅकअपच्या स्नॅपशॉटमधून नवी डिस्क उभी केली की ती लगेच वापरायला मिळते, पण तिच्यातली माहिती तेव्हा आलेलीच नसते. जो भाग पहिल्यांदा वाचाल तो त्या क्षणी दूरच्या साठवणीतून आणला जातो, त्यामुळे पहिले वाचन फार हळू चालते. पाणी चढत असताना हे पहिल्यांदा कळू नये. त्यावर उपाय फिओच: सगळी डिस्क एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, १ एमबीच्या तुकड्यांनी, फक्त वाचनाच्या कामाने वाचून काढायची. इथे डिस्कचे नाव थेट द्यावे लागते, म्हणून कामाच्या ओळीत ‘रीड’च आहे याची दोनदा खात्री करा आणि कंटेनरला डिस्क वाचनापुरतीच उघडून द्या. याला किती तास लागतात तो आकडा लिहून ठेवा. आपत्तीच्या आराखड्यात ‘सर्व्हर परत सुरू होण्यास लागणारा वेळ’ या रकान्यात तोच जातो.

कुबरनेटिस वापरणाऱ्यांना हीच इमेज ‘जॉब’ म्हणून चालवता येते. चाचणीच्या फोल्डरऐवजी तिथे पर्सिस्टंट व्हॉल्यूम जोडायचा, बाकी काही बदलत नाही.

काम झाले की फिओची फाइल, डिस्क आणि मशीन तिन्ही काढून टाका. मशीन बंद केले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. कामाची फाइल, इमेजचे नाव, कर्नलची आवृत्ती आणि निकाल एकत्र ठेवा, आणि पुढच्या सप्टेंबरात, मोळी टाकण्याआधी, हीच चाचणी त्याच कामाच्या फाइलने परत चालवा. तोपर्यंत डेटाबेस वाढलेला असेल, तेव्हा चाचणीच्या फाइलचा आकार तेवढा बदलून घ्या.