पाऊस मोजू या, नदी ओळखू या



"आपल्याकडे तर पाऊस उघडलाय, मग पाणी का चढतंय?" जांभूळच्या नदीकाठी असा प्रश्न पडतोच. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत आपल्यापर्यंत येते. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांनी आपल्याकडे पोचतो. मुलांना हे नुसतं पाठ करून कळत नाही. शाळेतल्या बाईंना आपण गटाकडून एक उपक्रम सुचवू या.

थंडपेयाची सरळ अंगाची मोठी बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून त्यातच उलटा बसवा. तळाशी खडे टाका आणि ते बुडेपर्यंत पाणी ओता. ती शून्याची खूण. तिथून वर मोजपट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर ठेवा; झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपणही तेव्हाच मोजू. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला, तर तो जोरदार पाऊस.

पण खरी गंमत दुसऱ्या रकान्यात आहे. तिथे कर्जत तालुक्याचा पाऊस लिहायचा. तो कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मोबाईलवर बघता येतो. तिसऱ्या रकान्यात बदलापूरची नदीची पातळी, वेळेसकट. तिथे इशारा १६.५० मीटरला, धोका १७.५०ला. पातळी बघायला मुलांना नदीवर मुळीच पाठवू नका. १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला विचारा. महिन्याभराने मुलांनी आलेख काढला, की आपली रेघ नदीशी जुळते की कर्जतची, ते त्यांनाच दिसेल.

एकाच ठिकाणचा आकडा किती फसवतो बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७३! आणि २७ जुलै २०१९ ला आपल्याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजाराच्या आसपास माणसं बाहेर काढावी लागली. म्हणून वही शाळेत राहिली तरी कर्जतचा आकडा मोठा आला, की मुलांनी तो घरी सांगायचा. धान्य, कागदपत्रं, गुरं हलवायला आपल्याला तेवढेच तास मिळतात.

रविवारी बाटली कोण बघणार, ते मात्र आधीच ठरवा. नाहीतर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा होतो.